सगळ्या मुलांना ‘तुझ्यावर काय गुजरलं’ असं विचारण्याआधी

नमस्कार मॅडम,

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापिका आहात. पाचवी ते दहावीचा पट साधारण सहाशे, त्यात ऊसतोड कामगारांची मुलं बरीच. एका संस्थेने ‘ट्रॉमा आणि रेझिलियन्स स्क्रीनिंग’, म्हणजे मनावरचे आघात आणि त्यांतून सावरण्याची उभारी यांची तपासणी, फुकट करून देण्याची तयारी दाखवली आहे. प्रत्येक मुलाने टॅबवर दहा प्रश्न घरात घडलेल्या वाईट गोष्टींबद्दल सोडवायचे आणि दहा-बारा प्रश्न स्वतःच्या खंबीरपणाबद्दल. मग प्रत्येकाला गुण आणि लाल, पिवळा, हिरवा यांपैकी एक रंग. चार किंवा जास्त प्रसंग असतील ते मूल लाल. तुम्ही विचारलं आहे की ही प्रश्नावली भरवशाची आहे का, याहून चांगली कुठली आहे, आणि किती गुणांच्या वर काळजी करायची.

मी बालमानसशास्त्रज्ञ आहे आणि माझं बरंचसं काम शाळांमध्येच चालतं. माझं मत आधीच सांगते: या स्वरूपात हे करू नका. मात्र ज्या काळजीपोटी तुम्ही विचारताय ती शंभर टक्के रास्त आहे, आणि तुमच्या शाळेत करता येण्यासारखं पुष्कळ आहे.

प्रश्नावली कोणती, हा मला नंतरचा प्रश्न वाटतो. आधी हे ठरवायला हवं की मुलाने ‘हो’ असं उत्तर दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी कोण काय करणार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्याकडे येतं, डोळे तपासतं. त्या तपासणीला अर्थ आहे, कारण पुढे चष्मा मिळण्याची सोय आहे. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी सामूहिक तपासणीचे निकष लिहिले. जो दोष शोधायचा त्यावर मान्य उपचार हवा आणि तो मिळण्याची व्यवस्था हवी, या त्यातल्या ठळक अटी. तुमच्या पत्रात संस्था तपासणीनंतर ‘अहवाल देईल’ एवढंच आहे.

आता ते दहा प्रश्न. ते कुठून आले हे माहीत असलं की बराच गोंधळ मिटतो. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि सीडीसी या सरकारी संस्थेचे डॉ. रॉबर्ट ॲंडा यांनी एक मोठा अभ्यास केला. त्याचा पहिला निबंध १९९८ मध्ये आला. एकूण सतरा हजारांहून जास्त माणसं त्यात होती, आणि ती सगळी प्रौढ. आरोग्यतपासणी करून गेलेल्या माणसांना टपालाने प्रश्नावली पाठवली होती. मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरातलं व्यसन, आईवर होणारी हिंसा, घरातल्या कुणाचा तुरुंगवास अशा गोष्टी अठरा वर्षांच्या आत घडल्या का, असं त्यात विचारलं होतं. ज्यांच्या बाबतीत चार किंवा अधिक प्रकार घडले होते त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न अशा गोष्टींचा धोका, काहीच न घडलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट निघाला. लहानपणीच्या दुःखाची किंमत शरीर पुढे अनेक वर्षं मोजतं, हे या अभ्यासाने जगाला आकड्यांत दाखवलं. त्याचं मोल मी अजिबात कमी लेखत नाही.

पण तो निष्कर्ष समूहाबद्दलचा आहे. दोन माणसांचे गुण चार-चार असले तरी एकाच्या बाबतीत एखादी गोष्ट एकदाच घडलेली असू शकते आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती दहा वर्षं रोज घडलेली असू शकते. मोजणीत दोघं सारखेच. खुद्द ॲंडा यांनी सहकाऱ्यांबरोबर २०२० मध्ये लेख लिहून बजावलं की हा आकडा एकेका व्यक्तीचा धोका ठरवायला किंवा तिच्यावर उपचार ठरवायला वापरू नये. पुढच्या वर्षी आणखी एक अभ्यास आला. इंग्लंड-वेल्समध्ये १९९४-९५ साली जन्मलेली दोन हजारांवर जुळी मुलं आणि न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेली मुलं, ज्यांना लहानपणापासून सातत्याने पाहिलं गेलं, अशा दोन गटांवर तो होता. गुण जास्त असलेल्यांचा गट सरासरीने जास्त आजारी पडला, हे खरं ठरलं. पण अमुक एक मूल पुढे आजारी पडेल की नाही, हे त्या गुणांवरून ओळखणं फारसं जमलं नाही.

शिवाय त्या दहा प्रकारांची यादी तिथल्या आयुष्यातून आलेली आहे. तुमच्या वर्गातलं निम्मं वास्तव त्यात सापडणारच नाही. मुकादमाची उचल फिटत नाही म्हणून पुन्हा पुन्हा फडावर जाणारे आईबाप, सहा महिने आजीपाशी राहणं किंवा कोपीत राहून शाळा बुडणं, आठवीत ठरलेलं लग्न, जातीवरून पाणवठ्यावर झालेला अपमान, अपघातात गेलेले वडील, यांतल्या कशालाच तिथे खूण करता येत नाही. तेव्हा ‘हिरव्या’ मुलाबद्दल तुम्ही निर्धास्त व्हावं असंही काही त्या रंगात नाही.

आता साधं गणित बघा. आकडे कल्पित आहेत, पण मी मुद्दाम प्रश्नावलीच्या बाजूने धरले आहेत. समजा तुमच्या ६०० मुलांपैकी ६० जणांना खरोखर मदतीची गरज आहे. प्रश्नावली त्यांतली ८० टक्के ओळखते, म्हणजे ४८. उरलेल्या ५४० मुलांपैकी ८० टक्क्यांना ती बरोबर बाजूला काढते, पण २० टक्के, म्हणजे १०८ मुलं उगाच लाल होतात. तुमच्या टेबलावर १५६ नावं येणार, त्यांतली दोन तृतीयांशांहून जास्त चुकीची. १२ मुलं मदत हवी असूनही हिरव्या रंगात बसलेली राहणार. या १५६ मुलांशी एकेकटं बोलायला तुमच्याकडे कोण आहे? आणि गावात यादी फुटली, तर त्या नावांचं काय होईल?

वर्गात हे कसं घडतं तेही सांगते. एका बाकावर तीन मुलं. एखादी मुलगी कोपराने टॅब झाकते, तेवढ्यानेच शेजारणीला कळतं की इथे झाकण्यासारखं काहीतरी आहे. सुट्टीत पहिला प्रश्न येतो, “तू काय लिहिलंस?” काही मुलं सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळी होतात, कारण घरातलं बाहेर सांगायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. काही मुलं मात्र मनापासून खरं लिहितात. त्यांनी कुणाला तरी पहिल्यांदाच सांगितलेलं असतं. मग ती वाट बघतात. आठवडा जातो, परीक्षा येते, कुणीच काही बोलत नाही. या मुलांनी यातून एकच अर्थ काढलेला मी पाहिला आहे: सांगून उपयोग नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे.

कायद्याची बाजू तर तुम्हाला मुख्याध्यापिका म्हणून माहीत असायलाच हवी. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखाला ती जास्त आहे. त्यामुळे टॅबवर ‘तुझी उत्तरं पूर्ण गुप्त राहतील’ असं लिहिलं असेल, तर ते वचन पाळणं शक्यच नाही. नावानिशी विचारलं तर प्रत्येक ‘हो’वर हालचाल करावी लागेल. निनावी विचारलं तर ज्या मुलाने सांगितलं त्याच्यापर्यंत पोचताच येणार नाही. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची तरतूद आहे. आता ज्या घरात मारहाण होते त्या घरातली सही कोण करणार आणि ती करताना मुलाला काय दम भरला जाईल, याचाही विचार करा.

मग काय करायचं? मी शाळांबरोबर जे करते ते सांगते. यातलं किती जमेल ते तुमच्या परिस्थितीवर आहे: समुपदेशक आठवड्यातून एकदा तरी येतो का, जिल्हा रुग्णालय किती लांब आहे, एका वर्गात चाळीस मुलं आहेत की ऐंशी.

पहिली गोष्ट म्हणजे घटना मोजण्याऐवजी मूल आज कसं आहे ते बघणं. याची बरीच माहिती शाळेत आधीपासून पडून असते, फक्त ती एका जागी येत नाही. एका दुपारी एका तुकडीचं हजेरीपत्रक टेबलावर ठेवायचं आणि वर्गशिक्षक, पीटीचे सर, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी यांना एकत्र बसवायचं. एकेक नाव घ्यायचं. गेल्या दोन-तीन महिन्यांत याच्यात काही बदल झालाय का, एवढंच विचारायचं. एका शाळेत सातवीतल्या एका मुलाचं नाव निघालं. मराठीच्या बाई म्हणाल्या, पहिल्या दोन तासांना डोकं बाकावर टाकून असतो, आळशी झालाय. सर म्हणाले, कबड्डीत हल्ली मारामारीवर येतो. मावशी म्हणाल्या, “तो रोज डब्यात खिचडी मागून नेतो, धाकट्या बहिणीला.” तिघांचं बोलणं शेजारी ठेवल्यावर कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. आईबाप कारखान्यावर, आजी अंथरुणाला खिळलेली, पहाटेचं पाणी, चूल आणि बहीण या मुलाकडे. त्याला आघाताचे दहा प्रश्न विचारले असते, तर बहुधा शून्य किंवा एक गुण आला असता.

या बैठकीतून प्रत्येक तुकडीत साधारण पाच-सात नावं पुढे येतात. एवढ्या मुलांसाठी मग प्रश्नावली वापरायला माझी हरकत नाही. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये तयार केलेली एसडीक्यू नावाची प्रश्नावली मला यासाठी बरी वाटते. पंचवीस विधानं आहेत. भावना, वागणूक, चंचलता, सवंगडी आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती अशा पाच भागांत. शिक्षक, पालक आणि अकरा वर्षांवरचं मूल स्वतः अशा तिघांकडून ती भरून घेता येते. घरात काय घडलं हे ती विचारतच नाही. दोन सूचना मात्र लक्षात ठेवा. तिचे गुण ब्रिटनमधल्या मुलांवरून ठरलेले आहेत, त्यामुळे सीमारेषा इथे जशीच्या तशी लावू नका; शिक्षक आणि मूल यांच्या उत्तरांत तफावत कुठे आहे ते बघा, मला तरी त्यातूनच जास्त कळतं. आणि कागदावरची प्रत शाळांना मोफत वापरता येते, पण ती ॲपमध्ये टाकायला हक्कधारकांची परवानगी लागते. संस्थेच्या ॲपमध्ये ती असेल तर ही परवानगी दाखवायला सांगा.

त्यानंतरची पायरी म्हणजे बोलणं, आणि ती कुठल्याही यंत्रावर सोपवता येत नाही. ज्या शिक्षकाशी मुलाचं जमतं त्यानेच बोलावं, मग तो वर्गशिक्षक नसला तरी चालेल. सुरुवात जे दिसलं त्यावरून करावी: “हल्ली तू मधल्या सुट्टीत एकटीच बसतेस असं मला दिसलं. कसं चाललंय?” आणि मूल काही सांगायच्या आत मर्यादा सांगून टाकावी: “तू सांगशील ते मी स्टाफरूममध्ये बोलणार नाही. पण तुला धोका आहे असं वाटलं, तर मला एक-दोन जणांना सांगावं लागेल, आणि कुणाला ते तुला आधी सांगेन.” अत्याचाराचं काही बाहेर आलं, तर खोदून खोदून विचारू नये, तीच गोष्ट चार जणांसमोर परत सांगायला लावू नये, पालकांना बोलावून समोरासमोर करू नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत आणि कायद्याने सांगितलेल्या मार्गाने जावं. १०९८ ही बालकांची मदतवाहिनी, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांचे क्रमांक तुमच्या खोलीत भिंतीवर असू द्या. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. शिक्षकांनीही तिथे फोन करून सल्ला घ्यायला हरकत नाही.

आता खंबीरपणाचे गुण. याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण या भागाला सगळेच निरुपद्रवी समजतात. तुमच्या शाळेत एखादी सहावीतली मुलगी असेल, जी आईबाप फडावर गेल्यावर दोन भावंडांचं सगळं बघते. ‘मी जबाबदारीने काम करते’, ‘अडचण आली तरी मी हार मानत नाही’ या विधानांपुढे ती ‘नेहमी’वर खूण करेल. खोटं काहीच नाही त्यात. तिला हिरवा रंग मिळेल आणि ती यादीतून बाहेर जाईल. जिला सगळ्यात आधी कुणीतरी हातभार लावायला हवा तिलाच आपण शाबासकी देऊन परत पाठवू. आणि ज्याला कमी गुण पडतील त्या मुलाला काय सांगणार, तू खंबीर नाहीस?

उभारी ही एकट्या मुलाच्या अंगची गोष्ट नसते, हे या विषयातलं जुनं आणि ठाम निरीक्षण आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, कलह, आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे समर्थ, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं: आजी, मावशी, शेजारी, आणि कितीदा तरी शिक्षक. कॅनडातल्या मायकेल उंगर यांची उभारीविषयीची प्रश्नावली भारतासह अकरा देशांत काम करून तयार झाली, आणि तीही मुलाच्या अवतीभोवती काय उपलब्ध आहे हे विचारते.

म्हणून मी शाळांना दोन गोष्टी करायला सांगते. निनावी पाहणी करायचीच असेल तर ती शाळेबद्दल करा. ‘अडचण आली तर शाळेतल्या एका तरी मोठ्या माणसाकडे जाता येईल असं मला वाटतं’, ‘शाळेत मला मार बसण्याची भीती वाटते’, ‘स्वच्छतागृहात जायला मला सुरक्षित वाटतं’, अशी पाच-सहा विधानं. गुण मुलाला न देता तुकडीला द्या, आणि सुधारणा शाळेने करायची. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. तरी कुठल्या वर्गात छडी चालते हे या पाहणीत कळेल. ते थांबवणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही.

दुसरी गोष्ट: दार बंद करून स्टाफरूममध्ये सगळ्या मुलांच्या नावांच्या याद्या टेबलावर मांडा. प्रत्येक शिक्षकाने, शिपाईमामांनी, मावशींनी, ज्या मुलांशी आपलं खरोखर बोलणं होतं त्यांच्या नावापुढे टिंब काढायचं. अर्ध्या तासात काही नावांपुढे सात-आठ टिंबं दिसतात, काहींपुढे एकही नाही. त्या टिंब नसलेल्या नावांची वाटणी करा, एकेका माणसाकडे दोन किंवा तीन. रोज नावाने हाक, आठवड्यातून एकदा दोन मिनिटं बोलणं, गैरहजर असेल तर घरी निरोप. याद्या त्याच दिवशी फाडून टाका.

ऊसतोडीच्या मुलांसाठी वेळापत्रक वेगळं ठेवा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की पाहणीत जी मुलं यायला हवीत तीच वर्गात नसतात. म्हणून पहिली बैठक ऑगस्टमध्ये घ्या आणि जाणार कोण, आजीपाशी राहणार कोण, हंगामी वसतिगृहात कोण, हे तेव्हाच लिहून ठेवा. दुसरी बैठक मार्च-एप्रिलमध्ये मुलं परतल्यावर. परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘इतके दिवस कुठे होतास’ म्हणून उभं करणं टाळलं, तरी पुष्कळ फरक पडतो.

आघाताची थेट तपासणी कधीच करू नये असं मात्र मी म्हणत नाही. दरड कोसळली, पूर आला, शाळेच्या बसला अपघात झाला, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली एक घटना घडली, तर मुलांना ती विचारल्याने काही उघडं पडत नाही. पहिले काही आठवडे धीर, झोप, जेवण, शाळेचा नेहमीचा क्रम. ‘सगळं बोलून टाका’ अशी एकाच बैठकीतली सक्ती जागतिक आरोग्य संघटनाही करू नका म्हणते. साधारण महिना उलटल्यावरही वाईट स्वप्नं, दचकणं, त्या घटनेची आठवण टाळणं चालू असेल तर त्यासाठी आठ प्रश्नांची सीआरआयईएस-८ ही छोटी प्रश्नावली आहे, आठ वर्षांवरच्या मुलांसाठी. लॉस एंजलिसच्या शाळांत हिंसा पाहिलेल्या सहावीच्या मुलांना अशीच तपासणी करून निवडलं आणि लगेच शाळेतच दहा गटसत्रांचा उपचार दिला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या मुलांची लक्षणं, उपचारासाठी अजून वाट पाहणाऱ्या मुलांच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली. तिथे तपासणीच्या आधीच सत्रं घेणारी माणसं ठरलेली होती.

त्या संस्थेला नकार देण्याआधी एक पत्र लिहा, कदाचित ते मदतीचेही ठरतील. विचारा: ज्या मुलांना मदत लागेल त्यांना तुमचा प्रशिक्षित माणूस किती दिवसांत, किती वेळा भेटेल? पॉक्सोखाली कळवण्याची वेळ आली तर तुमचं कोण आमच्यासोबत उभं राहील? माहिती कुठे साठवणार, कोण बघणार, कधी पुसणार? टॅबचा खर्च वाचवून त्याच पैशात वर्षभर आठवड्यातून एक दिवस समुपदेशक द्याल का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर लगेच पकडा, आणि त्या समुपदेशकाला पहिल्या दिवशी वर्गात न पाठवता ऑगस्टच्या त्या हजेरीपत्रकाच्या बैठकीला बसवा.